आईच्या खोलीत एका वेळी एकच

७ जानेवारी

बारके,

आईने लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय, नाहीतर बसले नसते. रविवारी तू फोन करतेस तेव्हा तिला आता काही म्हणता काही कळत नाही. ती नुसती ‘हो हो, बरं बरं’ करते आणि फोन ठेवल्यावर मला विचारते, ‘काय म्हणाली गं?’ मी काय सांगणार? मी त्या वेळी मुद्दाम दुकानात गेलेली असते, हे तुलाही माहीत आहे. कानातलं यंत्र आणलंय, ते डबीत झोपलेलं असतं. ते लावलं की स्वतःच्याच चावण्याचा आवाज येतो म्हणे. मोबाईलवरची अक्षरं डोळ्यांसमोरून पळतात. तेव्हा तिने परस्पर ठरवलंय की मी तिची खबरबात कागदावर कळवायची आणि तू कागदावर उत्तर द्यायचं, मोठ्या अक्षरात. भिंग घेऊन वाचणार.

तर तब्येत ठीक. साखर आटोक्यात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं उन्हाळ्यात. भूक माझ्यापेक्षा चांगली. झाली खबरबात.

माझं तू विचारणार नाहीस, पण अर्धं पान उरलंय. मला काम मिळालंय. नाटकच, पण तुझ्या आठवणीतलं नाही. रंगमंच नाही, पडदा नाही, खुर्च्या नाहीत. बंद पडलेल्या टेलिफोन ऑफिसात चालतं. प्रेक्षकांनी दारात चपला आणि मोबाईल ठेवायचे आणि एकेकट्याने खोल्यांमधून हिंडायचं. एका खोलीत अनोळखी माणसाबरोबर नाचावं लागतं. एकीत मिट्ट काळोख, तिथे कुणीतरी हात धरून तुम्हाला जिना चढवतं. एकीत तुमच्यावर चोरीचा आळ येतो आणि तुम्ही आपली बाजू मांडायची. बघायला आलेला माणूस नाटकात कधी ओढला गेला, ते त्याचं त्यालाच कळत नाही.

शेवटची खोली माझी. चौकटीवर ‘आई’ अशी पाटी आहे. एका वेळी एकच. मी टेबलाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असते. माणूस आत येतो, समोर बसतो आणि आपल्या आईला जे बोलायचं राहून गेलं ते बोलतो. मला वाक्यं मोजकीच. ‘ये, बस.’ ‘ऐकतेय मी.’ ‘मग?’ आणि भिंतीवरचा दिवा मंद व्हायला लागला की ‘सावकाश जा.’ उभा जन्म चांगल्या लांबलचक भूमिकेसाठी निर्मात्यांचे उंबरे झिजवले, आणि येऊन टेकले ‘मग?’ वर.

दिग्दर्शिका पोरगीच आहे, तुझ्याहून लहान. सगळे तिला कप्तान म्हणतात. ती म्हणाली, “तुमचा चेहरा असा आहे ना, की कुणाचीही आई वाटावी.” मी बिनलग्नाची बाई. कौतुक समजून घेतलं.

ताई


२९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र आलं. आईने भिंगातून वाचलं, मग मला वाचून दाखवायला लावलं, मग परत स्वतः वाचलं. तिकडे थंडी आहे, प्रयोगशाळेत तुला बढती मिळाली, गुडघा दुखतो. सगळं पत्र तिला आणि मला एक ओळही नाही. तक्रार नाही. गुडघा माझाही दुखतो, एवढं आपलं कळवते.

आईची तब्येत तशीच. परवा शेजारणीशी भांडली, म्हणजे ठणठणीत आहे.

नाटकाला गर्दी आहे. लोकांना काय काय बोलायचं असतं गं आयांना! मला वाटलं होतं रडतील आणि जातील. रडणारे कमीच. एक धिप्पाड बँक मॅनेजर आला, बसला आणि म्हणाला, “माझे ससे तू कुणाला देऊन टाकलेस?” मी म्हटलं, “मग?” त्यावर पन्नाशीचा तो माणूस सशांबद्दल जो काही बोलला, त्याच्या ऑफिसातल्या कुणी ऐकलं असतं तर खुर्ची गेली असती. एक जण म्हणाला, “मला काही बोलायचं नाही, बायकोने पाठवलंय,” आणि टेबलावर डोकं ठेवून चक्क झोपला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फिरवला. कप्तानने नंतर विचारलं, “हे कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “कुणी नाही.” म्हणाली, “ठेवू या.” त्यांचं असंच असतं. चुकून काही खरं घडलं की ते दुसऱ्या दिवसापासून नाटकात.

काल एक मुलगी आली. नीटनेटकी, ऑफिसातून थेट आलेली. टेबलावरचं पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “तू दादाला कधीच काही का बोलली नाहीस?” मी म्हटलं, “ऐकतेय मी.” ती ताडकन उठली. “ऐकतेस? तू कधी ऐकलंस?” आणि पेला माझ्या डोक्यावरून भिंतीवर. बाहेरून दारवान धावत आला. मी हातानेच त्याला थांबवलं. काच गोळा करायला ती आणि मी दोघी खाली बसलो. ती सारखी म्हणत होती, “मावशी सॉरी, तुम्हाला नव्हतं, तुम्हाला नव्हतं.” मला नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण दिवसभर जे मला नसतं ते सगळं लागतं मलाच. घरी येते तेव्हा कान भरलेले असतात. आई विचारते, ‘काय झालं आज?’ आणि माझ्या तोंडून निघतं, ‘ऐकतेय मी.’

घड्या घातलेले कपडे शेवटी मीच परत विस्कटून ठेवते, दुसऱ्या दिवसासाठी. सगळ्यात जास्त थकवा त्याचा येतो.

एक विचारू? त्या खोलीत तू आली असतीस तर काय बोलली असतीस? उत्तर नको. उगाच विचारलं. मला तुझ्याशी बोलायचं होतं ते मी बाबा गेले तेव्हा फोनवर बोलून घेतलंय, आणि तू ते ऐकून घेतलंस. त्याच्या आधी, बाबा अंथरुणाला खिळलेले असताना एका सकाळी उठून बघते तर तुझा पलंग रिकामा, ते मी अजून बोलत असते, मनात, भाजी चिरताना वगैरे. तेवढं चालायचंच.

ताई


१८ फेब्रुवारी

बारके,

आईचा दुसरा डोळा मे महिन्यात करायचा म्हणतायत डॉक्टर. काळजीचं काही नाही.

या वेळी दोन गोष्टी.

पहिली. नाटकाला बाहेरून बोलावणं आलंय. तीन शहरं, चार महिने, प्रत्येक ठिकाणी एखादी जुनी रिकामी इमारत शोधून तिथे खोल्या उभ्या करायच्या. कप्तान म्हणाली, “तुमच्याशिवाय शेवटची खोली होणार नाही.” तुला आठवत असेल, मला पूर्वी एकदा फिरत्या नाटक कंपनीने असंच विचारलं होतं. तेव्हा बाबा होते. आता आई आहे. मी नाही म्हणून सांगितलं. तिला एकटीला कोण बघणार? हा टोमणा नाही. बरं, आहे थोडासा.

दुसरी. आईला नाटक बघायचंय. मी म्हटलं, जिने आहेत, अंधार आहे, तुला झेपायचं नाही. 

“नाचबिच मला नको. मला थेट तुझ्या खोलीत सोड.”

“तिथे बघण्यासारखं काही नसतं गं. लोक येतात, आपापल्या आईशी बोलतात.”

“मग मलाही माझ्या आईशी बोलायचंय.”

“तुझी आई जाऊन किती वर्षं झाली?”

“म्हणून तर.”

कप्तानला विचारलं तर ती हरखलीच. तिला यात फार मोठं काहीतरी दिसतंय. मला फक्त एवढंच दिसतंय की तेवढा जिना चढल्यावर आईचे पाय रात्रभर ठणकणार आणि चेपायला मीच.

ताई


२ मार्च

बारके,

आई येऊन गेली. आज लिहवत नाही. तब्येत बरी आहे तिची.

ताई


५ मार्च

बारके,

दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. आता जसं झालं तसं लिहिते. जिथे तुला आधीपासून माहीत असेल तिथे पुढे जा.

कप्तानने दुपारची वेळ दिली, गर्दीच्या आधीची. दारवानाने आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं. ती नवी साडी नेसली होती. दारात थांबून तिने पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मी म्हटलं, “ये, बस.” तिला ऐकू गेलं नसेल, पण बसली. बसल्या बसल्या समोरचा एक टॉवेल ओढून घडी घालायला लागली. माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता म्हणेल, हे असं नाही, काठ जुळवून घाल. सगळ्या आयुष्यात हेच तर बोललीय मला.

ती म्हणाली, “आई, मी एक वाईट काम केलंय.”

तुला माहीत आहे, ऐकू येत नाही म्हणून ती केवढ्याने बोलते. खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. बाहेर दारवान, शेजारी काळोखाच्या खोलीतली पोरं, सगळे ऐकत होते. मी बोटाने हळू बोल अशी खूण करणार होते. पण खोलीतली आई तसं करत नाही. मी म्हटलं, “मग?” तिने माझ्या ओठांकडे बघितलं. तिला कळलं.

“धाकटी पळून गेली नाही. मी पाठवली.”

मी घडी घालत राहिले.

“नवरा पडल्यावर मला कळलं की हे आता वर्षानुवर्षं चालणार. दोन पोरी आहेत, दोन्ही यातच संपतील. धाकटीला तिकडून नोकरीचं पत्र आलेलं होतं. ती नाही म्हणत होती. रडत होती, म्हणत होती ताईला एकटीला कशी टाकू? मी म्हटलं, आज नाही गेलीस तर कधीच जाणार नाहीस. पहाटे मीच दार उघडलं. आणि शपथ घातली, ताईला सांगायचं नाही म्हणून.”

इथे माझं वाक्य होतं. ‘ऐकतेय मी.’ ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. बारके, इतक्या वर्षांत मी कधी वाक्य विसरले नव्हते.

ती न थांबता बोलत होती. “मोठीला सांगितलं असतं तर ती अडवायची नाही गं. ती म्हणाली असती, जा. आणि मग म्हणाली असती, मीही जाते. तिलाही बोलावणं होतं नाटकवाल्यांचं. मी दोघींना सोडू शकले नाही. त्या घरात, त्या आजारी माणसाबरोबर, मी एकटी… मला भीती वाटली, आई. म्हणून एक ठेवली.”

तिच्या हातातला टॉवेल घडी घालून झाला होता. तिने तो उलगडला आणि परत घालायला घेतला.

“मग मोठी धाकटीला बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मध्ये पडले नाही. मध्ये पडले असते तर का पडले ते सांगावं लागलं असतं.”

दिवा मंद झाला. नेहमी मी तो बघते, तेव्हा बघितलाच नाही. कुणीतरी बाहेरून पडदा जरासा हलवला, तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, “सावकाश जा.” आई उठेना. माझ्याकडे बघत म्हणाली, “तू काही बोलणार नाहीस?”

आता सांग, हे तिने कुणाला विचारलं? तिच्या आईला की मला? आणि मी कोण म्हणून उत्तर द्यायचं होतं? मी घडी घातलेला टॉवेल तिच्या हातून घेतला, ढिगावर ठेवला, आणि परत एकदा तेच म्हणाले, “सावकाश जा.”

दारवानाने तिला खाली नेलं. त्यानंतर लगेच एक तरुण आत आला. आईने आपल्याला सायकल शिकू दिली नाही, याबद्दल तो बोलला. मी त्याला सगळी वाक्यं बिनचूक दिली.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, “काम चांगलं आहे तुझं. पण बोलायला फार थोडं दिलंय.”

ताई


२६ मार्च

बारके,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकिटावर माझं नाव होतं, म्हणून आईला दाखवलं नाही. चार ओळींचं पत्र. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.

तू विचारलंस, रागावलीस का? रागावले आहे. कुणावर, ते ठरत नाही. तुझ्यावर रागावायची इतकी वर्षांची सवय आहे की अजून सकाळी भाजी चिरताना तोंडातून तेच सुरू होतं, आणि मग आठवतं की तो राग आता तुझ्या नावावर नाही. आईवर रागावावं तर ती समोर बसून औषधाच्या गोळ्यांचा रंग विचारत असते. मी थकलेय. थकल्या माणसाला राग नीट धरता येत नाही, हातातून निसटतो.

तू लिहिलंस की तू कधीच सांगणार नव्हतीस. मला ते पटतं. आणि त्याचाही राग येतो. फोनवर मी वाटेल ते बोलत होते तेव्हा एका वाक्यात तुला माझं तोंड बंद करता आलं असतं. तू तेव्हा गप्प राहिलीस, आणि मला वाटलं हिला काही वाटतच नाही.

आईशी बोलायचा प्रयत्न केला. एका सकाळी यंत्र तिच्या कानात स्वतःच्या हाताने बसवलं आणि म्हटलं, “त्या दिवशी तू जे बोललीस…”

ती म्हणाली, “ते मी माझ्या आईला सांगितलं. तू कशाला ऐकलंस?”

मला हसूच आलं. खरंच आलं. तीही हसली आणि मग तिचे डोळे भरले, आणि ऑपरेशन झालेला डोळा चोळू नको म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. हात न सोडवता ती म्हणाली, “तुला ठेवली ती तू कमी म्हणून नव्हे.” मी म्हटलं, “मग?” सवयीने गेलं तोंडातून. ती म्हणाली, “तू असलीस की मला झोप लागायची.”

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर लिही.

कप्तानला आईचं बोलणं बाहेरून सगळं ऐकू आलं होतं. तिने मला बोलावून घेतलं. मला वाटलं, म्हणणार, ठेवू या. त्या तयारीनेच मी गेले होते, दोन चार शब्द सुनावायला. पण ती नुसती म्हणाली, “मला माझ्या आईला फोन करावासा वाटला.” केला का, ते विचारलं नाही. मी तिला म्हटलं, “बाहेरगावच्या खेळांसाठी दुसरी कुणी बघितलीस का?” म्हणाली, “तिघींना बसवून बघितलं. तिघी फार अभिनय करतात.” मी म्हटलं, “मग मी येते.”

हे मी तुला न विचारता ठरवलं. आता विचारते. चार महिने येऊन राहशील का? आईने पाठवलं म्हणून तू गेलीस. आता मी बोलावतेय म्हणून ये. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती कारणं काढेल, डोळ्याचं, गुडघ्याचं, आणि मला परत मायेने गुंडाळून ठेवेल. तिला ते फार छान जमतं.

येणं शक्य नसेल तर तसं सरळ कळव. मी तुला काही बोलणार नाही. निदान बोलायचं नाही असं ठरवलंय.

ताई


११ एप्रिल

बारके,

तू येतेयस हे वाचलं. तीनदा वाचलं, भिंग नसताना.

तू पोचशील त्याच्या आदल्या दिवशी मला निघावं लागतंय. तिकडची इमारत मिळालीय, एक जुनं वसतिगृह, आणि खोल्या उभ्या करायच्या आहेत. दोन दिवस थांबते म्हटलं असतं तर कप्तान थांबली असती. मी म्हटलं नाही. आपण दोघी एकदम समोरासमोर आलो तर आई मधे बसून दोघींकडे बघत राहील, आणि मग आपण तिच्यासाठी गोड वागू. ते मला नकोय. आपलं भांडण आपण नंतर सवडीने, नीट करू. चौथ्या आठवड्यात मला एका दिवसाची सुट्टी आहे, तू आदल्या दिवशीच तिकडे ये, खेळ बघ. शेजारीण आईजवळ बसायला तयार आहे. तिकीट काढायचं नाही, तुला मी आत घेईन. पण माझ्या खोलीत येऊ नकोस, बाहेर थांब. मला तुझी आई व्हायचं नाही.

आता घरचं. सकाळची गोळी पांढरी, ती उपाशीपोटी. ती घेतली असं ती सांगेल, घेतलेली नसते, उशीखाली बघ. अंघोळीला बसायचा पाट डगमगतो, हात सोडू नकोस. जेवताना तिच्या समोर बस, शेजारी नको, ओठ दिसले की तिला सगळं कळतं. शेजारीण आली की दोघींना भांडू दे. उजवा डोळा आठ मेला, डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलंय. मी जातेय हे तिला काल सांगितलं. तिने माझी बॅग ओढून आतले कपडे बाहेर काढले आणि सगळ्यांच्या घड्या परत घातल्या, काठ जुळवून. तू येणार आहेस हेही सांगितलंय. ‘हो हो, बरं बरं,’ म्हणाली. कळलं असेल की नाही, खात्री देत नाही.

मधली एक रात्र शेजारीण सोबतीला आहे, किल्लीही तिच्याकडेच. बेल वाजवून उपयोग नाही, आईला ऐकू जात नाही. दार उघडून आत जा. दुपारी ती खिडकीशी पाठमोरी बसलेली असते. मागून हात लावू नकोस, दचकते. वळसा घालून समोर जा. पायाखालची फरशी हलली की तिला कुणी आल्याचं कळतं, आणि मान वर न करताच ती विचारते, “आलीस?”

ते माझ्यासाठी असतं. तरी तू ‘हो’ म्हण. जरा मोठ्याने.

ताई